पिस्तुलाच्या टोकावरची माशी

मी माशी बोलतेय. हात झटकू नका, मी गुळावर बसणाऱ्यांतली नाही. पिस्तुलाच्या पुढच्या टोकावर पोलादाचा एक बारीक उंचवटा असतो, नेम धरताना मागच्या खाचेतून ज्याच्याकडे बघायचं असतं, ती मी. उंचीने तांदळाच्या दाण्याएवढी. पण माझ्याकडे न बघता सोडलेली गोळी कुठे जाईल हे देवालाही सांगता यायचं नाही.

माझा जन्म दानाओचा. सेबू बेटावरच्या या पिस्तुलं घडवणाऱ्यांच्या गावात पहाटे कोंबड्याच्या आधी कानस ऐकू येते. मला घडवलं नोंग दोसियो यांनी. आमच्याकडे वडीलधाऱ्याला नोंग म्हणतात. त्यांच्या वडिलांनी डोंगरातल्या झोपडीत लपून पिस्तुलं केली होती. नोंग दोसियोंच्या भिंतीवर मात्र सरकारी परवाना काचेत लावलेला आहे, आणि त्याच्यावर धूळ बसली की ते बायकोवर ओरडतात. अर्धा दिवस त्यांनी मला कानशीने घासलं, टोकावरच्या आडव्या खोबणीत ठोकून बसवलं आणि म्हणाले, "बस आता इथे जन्मभर." जन्मभर म्हणजे किती, ते कोणी विचारलं नाही.

मला घेऊन गेला पानयोंग. एकोणीस वर्षं मी त्याच्या कमरेला राहिले, तेव्हा त्याला अहोजाहो करणं मला जमणार नाही. किनाऱ्याने उत्तरेकडे गेलं की एक गाव लागतं, तिथल्या तुरुंगात तो शिपाई. कैद्यांना कोर्टात नेणं आणि परत आणणं हे त्याचं काम. धिप्पाड माणूस, बोलायला मऊ. कैद्यांच्या आया त्याला "बाबा, माझ्या पोराला उन्हात उभं करू नको" असं सांगायच्या आणि तो खरंच करायचा नाही.

सोमवार ते शुक्रवार मी पानयोंगची. रविवारी मात्र त्याची मुलगी जेसेल हिची. जुन्या दगडखाणीत नेमबाजीचा क्लब आहे, तिथे बाप कडेला उभा राहायचा आणि लेक पंचवीस मीटरवरचं काळं वर्तुळ फोडायची. तिची नजर माझ्यावर पडली की मला माझ्या कडा जाणवायच्या. इतकं स्वच्छ माझ्याकडे दुसऱ्या कोणी पाहिलेलं नाही. मी तिच्या प्रेमात होते, हे सांगून टाकते.

पण एकाच पिस्तुलाने दोन कामं करायची म्हणजे एका सुनेने दोन सासवा सांभाळायच्या. जेसेलला मी काळी आणि बारीक हवी, नाहीतर लांबचं वर्तुळ माझ्याच आड झाकलं जातं. पानयोंगला मी ठळक हवी, कारण कमरेचं पिस्तूल काढायचं ते घाईत, आणि समोर कागद नसतो.

गेली तीन वर्षं पानयोंग सोमवारी सकाळी जेसेलच्या नखांच्या लाल रंगाने माझं कपाळ रंगवायचा. शनिवारी जेसेल तो रंग थिनरने खरवडून काढायची. दोघांनी याबद्दल चकार शब्द काढला नाही. दर सोमवारी रंगाचा थर जाड होत चालला होता. जेसेलला वाटायचं, तात्पुरती हौस आहे. मला तसं वाटत नव्हतं.

वर्षातून एकदा शिपायांची परीक्षा असते. सात मीटरवर माणसाएवढा पुठ्ठा. तो पानयोंगने हाताच्या सवयीने मारला. डोळे तपासायच्या वेळी भिंतीवरच्या तक्त्याची अक्षरं त्याने आधीच्या माणसाच्या तोंडून पाठ केली. मी हे सगळं पाहिलं, पण पोलादाला तोंड नसतं.

मग गोळ्या खाली जायला लागल्या. पानयोंग मला घेऊन दोसियोंकडे आला. "नोंग, माशी उंच आहे. थोडी घास." माशी घासली की गोळी वर जाते, हे खरंच आहे. दोसियोंनी मला केसभर घासलं, मागच्या परड्यात पाच गोळ्या झाडून पाहिल्या. पाची एका नाण्याखाली झाकल्या गेल्या. मग त्यांनी पिस्तूल पानयोंगच्या हातात दिलं. त्याच्या पाच गोळ्या पाच दिशांना.

दोसियोंनी पुठ्ठा उजेडात धरला, पाची भोकं बोटाने मोजली. "पानयोंग, माशी चुकली ना, तर सगळ्या गोळ्या एकाच चुकीच्या जागी जातात. या अशा पांगतात त्या माशीच्या नसतात."

"मग कशाच्या असतात?"

"हाताच्या. नाहीतर..."

"हाताला काल मुंग्या आल्या होत्या," पानयोंग म्हणाला, आणि पिस्तूल कमरेला खोचून निघाला. चोराच्या मनात चांदणं असतं तसं त्याचं झालं होतं.

आता ते सांगते, जे आठवलं की अजून माझा जीव गोळा होतो.

तुरुंगात एक कैदी होता, खुनाचा. त्याच्या भावाने बाजारात सगळ्यांसमोर बजावलं होतं, "कोर्टाच्या जिन्यावरून त्याला सोडवून नेईन, आणि आडवा येईल त्याला तिथेच झोपवीन." म्हणून तारखेच्या दिवशी सगळ्या शिपायांचे हात कमरेवर. सकाळचे आठ. पानयोंगने कैद्याला दंडाला धरलेलं. जिन्यावर नातेवाईकांची गर्दी. त्या गर्दीतून कोणीतरी दोन पायऱ्या धावत वर आलं, हात पिशवीत गेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबट बाहेर निघालं.

क्षणात मी म्यानाबाहेर. पानयोंगचं बोट घोड्यावर. माझ्यासमोर एका बाईची छाती, फिक्या निळ्या कपड्यावर लहान पांढरी फुलं. मी ती फुलं मोजू शकले असते. मागे मी पानयोंगच्या डोळ्याकडे पाहिलं. तो उघडा होता, माझ्याच दिशेला होता, आणि मी त्याच्यात कुठेच नव्हते. बोट मागे यायला लागलं. घोडा अर्ध्यावर आला.

बाई किंचाळली. बोट थांबलं.

ती कैद्याची बायको होती. हातात तळलेला मासा. दुसऱ्या हातातले पुसो, म्हणजे नारळाच्या पात्यांत विणून शिजवलेल्या भाताचे पुडके, सुटून पायरी पायरीने खाली घरंगळले. नवऱ्याने कोर्टात उपाशी राहू नये म्हणून आणलेलं जेवण. दर तारखेला बायका आणतात.

"काय थंड डोकं हो नोंग पानयोंगचं!" सहकारी म्हणाले. "दुसरा असता तर बाईचा मुडदा पडला असता. याने बरोबर बघितलं, मासा आहे म्हणून." पानयोंग हसला. खोटं बोलायला त्याला तोंड उघडावंही लागलं नाही. पण त्या दिवसापासून तो घरी जेवताना काटे निवडू शकेना, जेसेल निवडून द्यायला लागली.

त्याच कैद्याची पुढची तारीख लागली शुक्रवारची. आणि रविवारी जेसेलची प्रांताच्या संघासाठी निवड. बुधवारी दोघं दोसियोंच्या दुकानात आली. घासूनही उपयोग झाला नव्हता, म्हणून मला काढून नवीन माशी बसवायची ठरली होती. आपल्या माणसांना आपल्याच जागी दुसरीला बसवताना पाहून कसं वाटतं, ते विचारू नका. वाईट वाटलं.

दोसियोंनी गोळ्या काढल्या, नळी दोनदा तपासली, पितळी ठोकणीने हळूहळू ठोकत मला खोबणीतून बाहेर काढलं आणि डब्याच्या झाकणात ठेवलं. मागची खाच कानशीने थोडी रुंद केली. मग तीन नव्या माश्या जेसेलच्या तळव्यावर ठेवल्या. एक बारीक काळी. एक हिरव्या चमकत्या काडीची. एक जाड, भोवती केशरी कडं असलेली.

"बारीक बसवली तर रविवार तुझा," दोसियो म्हणाले. "पण तिच्याबरोबर मागची खाचही टोकदार बसवावी लागते, ती शर्टात अडकते. केशरी घाईत दिसते, पण लांबचं वर्तुळ गिळून टाकते. हिरवी दोन्हीकडे थोडी थोडी, म्हणजे धड कुठेच नाही."

"केशरी," पानयोंग म्हणाला. "शुक्रवार आधी येतो."

"ताय, रविवार वर्षातून एकदाच येतो," जेसेल म्हणाली. वडिलांना ती ताय म्हणते.

"आणि मी? मी महिन्याला येतो का गं?"

"तसं नाही म्हणाले मी."

"मग कसं म्हणालीस?"

दोघांचे आवाज चढायला लागले तसे दोसियो मध्ये पडले. "भांडा, पण बाहेर जाऊन. पानयोंग, हे धर आधी. मागची खाच जरा रुंद केलीय, बघ हाताला कशी वाटते." रिकामं पिस्तूल त्यांनी त्याच्या हातात दिलं आणि ते ठोकणी शोधायला वळले.

पानयोंगने ते उचललं. दारातून समोरच्या गोदामाच्या पांढऱ्या भिंतीवर धरलं. एक डोळा मिटला. त्याचे खांदे सैल पडले, चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी हसू आलं.

"वा! हे झालं काम. काय लख्ख दिसतेय! अगदी खाचेच्या मधोमध. नोंग, ही आधीच का नाही दिलीस मला?"

दोसियोंचा हात हवेत थांबला. मी झाकणात पडून ओरडत होते, कुणाला ऐकू जाणार?

"ताय," जेसेल म्हणाली. "कोणती दिसतेय?"

"कोणती म्हणजे? केशरी. आंधळी झालीस का?"

"ताय... केशरी माझ्या हातात आहे."

तिने तळवा पुढे केला. तिन्ही माश्या तिथेच होत्या. पानयोंगने पिस्तूल खाली घेतलं. अंगठ्याने टोक चाचपलं. अंगठा माझ्या रिकाम्या खोबणीत गेला आणि तिथेच राहिला.

शेजारच्या दुकानातली कानस तेवढी चालू होती.

"उजेड डोळ्यावर आला," पानयोंग म्हणाला.

"ढग आलेत, ताय."

तो स्टुलावर बसला. "केशरी बसव, नोंग. ती दिसेल मला. एवढा शुक्रवार काढतो. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत. आता सांगितलं तर कोपऱ्यात बसवतील, नाहीतर घरी."

"बसवतो," दोसियो म्हणाले. "माझं कामच ते. फक्त एक सांग. शुक्रवारी ती बाई परत येणार. जेवण घेऊन. त्या दिवशी तू मासा बघून थांबलास, तसा थांबशील?"

पानयोंगने लेकीकडे पाहिलं नाही. "मी मासा बघितलाच नव्हता. बाई आहे हेही दिसलं नाही. ती ओरडली. बाईचा आवाज आला म्हणून थांबलो. मुकी असती तर..."

जेसेलने तिन्ही माश्या टेबलावर ठेवल्या. मग ती बापाच्या पायाशी जमिनीवर बसली, लहानपणी बसत असेल तशी. "तीन वर्षं मी तो रंग खरवडत होते," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुमची हौस आहे. एकदा तरी विचारायचं मी."

"मी सांगितलं असतं का?"

"नसतं सांगितलं."

पानयोंगने खिशातून फोन काढला. नंबर त्याला दिसेना, जेसेलने लावून दिला. पलीकडे तुरुंगाचा साहेब.

"सर, शुक्रवारी मला जिन्यावर ठेवू नका... नाही सर, ताप नाही... धमकीला कोण घाबरतंय? एकोणीस वर्षं नाही घाबरलो..." साहेब बराच वेळ बोलला. पानयोंगचा घाम हनुवटीवरून गळत होता. एक शब्द पुरेसा होता, आणि तो खोटा असता तरी भागलं असतं. पाठ दुखते म्हणता आलं असतं.

"सर, मला दिसत नाही."

शेजारची कानसही तेवढ्यात थांबली होती, त्यामुळे ते साऱ्या गल्लीने ऐकलं.

ती बारीक काळी आता माझ्या जागी बसलीय. रविवारी जेसेल तिसरी आली, निवडले दोनच. ती रडली, मग क्लबाबाहेर भाजलेलं डुक्कर पोटभर खाल्लं. पानयोंग आता तुरुंगाच्या फाटकावर वही सांभाळतो, बिनपिस्तुलाचा. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. उजव्यातला पुढच्या महिन्यात काढतील, पुढचं डॉक्टरही सांगत नाहीत. काही सहकारी त्याला पाहून खोटं खोटं चाचपडतात. त्याला ते लागतं.

शुक्रवारचं मात्र मी त्याच्याच तोंडून ऐकलं, तो दोसियोंना सांगायला आला तेव्हा. जिन्यावरच्या शिपायांनी त्याला सगळं सांगितलं होतं. भाऊ आलाच नाही. बाई आली. पुसो घेऊन, तेच फुलांचे कपडे घालून. जिना चढली, नवऱ्याला भरवलं, उतरली. काही झालं नाही. एवढंच सांगायला तो दीड तास बसमधून आला होता.

मी दुधाच्या एका जुन्या डब्यात आहे, काढून टाकलेल्या चाळीस-पन्नास माश्यांबरोबर. गंज चढतोय. तक्रार नाही. फक्त तुमच्यापैकी ज्याच्या हातात दुसऱ्याचा जीव असेल, मग ते पिस्तूल असो, गाडी असो की आणखी काही, त्याला माझं एक मागणं आहे. दिसत नसेल त्या दिवशी सांगा. समोरची बाई दर वेळी वेळेवर ओरडेलच असं नाही.