चेअरमन येईस्तोवर

आकडा आठ लाखाच्या वर गेला तवा फोटूवाला बाकड्यावर चहा पीत बसला होता.

"काढा की!" म्या म्हणलं. डोळं मशीनवरच. "झाला इक्रम! जगातला झाला!"

"चेअरमन सायेब येऊ द्या," म्हणला.

आता ह्याला काय म्हणावं!

जळकोटात हैदराबाद रोडला आमचं हाटेल. दुष्काळ पडला, गिऱ्हाइक आटलं, तर आमच्या ह्यांनी, म्हंजे मालकांनी, कल्याणप्पांनी काय करावं? सोलापुरातनं गेमचं जुनं मशीन आणलं. उभं कपाट, त्याला काच, काचंत वरनं शत्रूची इमानं उतरत्यात, आपलं इमान खाली. डाव्या हातात दांडा, उजव्या हाताखाली गोळीचं बटण. ट्रकवाले खेळतील, चहा पितील, असा ह्यांचा हिशेब. ट्रकवाले एकदा खेळले, हरले, शिव्या देऊन गेले. मशीन पडून ऱ्हायलं. दुपारच्याला हाटेलात चिटपाखरू न्हाय, मग मीच खेळायला लागले. ह्यांना येत न्हाय. म्हंजे बिलकूल न्हाय. खेळायला तीन इमानं मिळत्यात, ह्यांची तिन्ही पेलाभर पाणी प्यायच्या आत खलास.

मशीन दुरुस्त करायला सोलापूरचा नागप्पा मेकॅनिक यायचा. त्यानं माझा खेळ बघितला अन् तोंडात बोट घातलं. म्हणला, "वहिनी, ह्या गेमचा जगातला इक्रम आठ लाखाचा हाय, अमेरिकेतल्या कुण्या पोराच्या नावावर. तुमी मोडाल. फकस्त आकड्याचा फोटू पायजे, अन् शेजारी साक्षीला गावातला एक प्रतिष्ठित मानूस." वर हे बी सांगितलं, की मशीन म्हातारं झालंय, खेळ संपला की आकडा पुसून टाकतंय. म्हंजे फोटू खेळ चालू असतानाच काढायचा.

त्या दिसापासनं माझ्या डोक्यात दुसरं काय न्हाय. शाळा चौथीत सुटली. लग्नात माझं नाव बदललं ते बी कुणी मला इचारून न्हाय. एकदा, एकदाच, माझ्या एकटीचं नाव कुठंतरी लागावं. एवढंच पायजे होतं मला.

आमच्याकडं प्रतिष्ठित म्हंजे कोन? दूध सोसायटीचे चेअरमन तात्याराव. गावातली जनावरं छावणीत गेली, दुधाचा थेंब न्हाय, पर सोसायटी हाय अन् चेअरमन तर हायतच. मालकांनी जाऊन त्यांना काय सांगितलं ते मला ठावं न्हाय, पर चेअरमन लई खूश झाले. हार सांगितला, फेटा सांगितला, नळदुर्गचा फोटूवाला ठरवला. अन् आज सकाळी येतो म्हणलेले चेअरमन गेले कुठं? तर वस्तीवर पाण्याचा टँकर आला, त्याच्यापुढं नारळ फोडायला! अवो, टँकर रोज येतोय. रोज नारळ?

"दादा, नुसत्या आकड्याचा एक फोटू काढून ठिवा. चेअरमनचा मागनं काढा."

"रोल सोसायटीचा हाय ताई. माझ्याबिगर एक बी काढू नको, म्हणलेत."

मग काय करते! खेळत ऱ्हायले. इक्रम मोडून वर खेळत ऱ्हायले, निव्वळ चेअरमनसाठी. मनगट भरून आलं, डोळ्यातनं पाणी गळायला लागलं. अन् मागनं सासूबाईंचं सुरू झालं.

"शिवकांते, पदर घे डोक्यावर. चार मानसं बघायलीत."

"हात मोकळा न्हाय, आत्या!"

"पदराला किती हात लागतोय?" म्हणून त्यांनीच पदर वढला, तो थेट माझ्या डोळ्यावर. एक इमान गेलं. टँकर वस्तीवरनं इकडं यायची वाट बघत घागरी घेऊन बसलेल्या बाया खदाखदा हसल्या. दुसरं इमान मालकांनी घालवलं. ऐन गर्दीत कानाशी येऊन इचारतात, "चहाची पत्ती कुठं ठिवलीयास?" धन्य बाबा!

एकच इमान उरलं, तवा बाहेर जीप थांबली. चेअरमन आत आले, मागनं हार, फेटा अन् ववाळायचं तबक घेऊन सोसायटीचे दोघं-तिघं. मला बघून चेअरमन थबकले.

"हे काय? कल्याणप्पा, खेळणारा तू न्हवं?"

"न्हाय... म्हंजे ही खेळती," मालक म्हणले. "मशीन आपलंच हाय."

"आरं, फोटू पेपरात जाणार. खाली सोसायटीचं नाव. हाटेलातली बाई मशीनीपुढं उभी, बरं दिसतंय का ते? तू उभा ऱ्हा तिथं. तिच्या हातात तबक दे, ववाळू दे तुला. इक्रम घरातल्या घरातच ऱ्हातोय की!"

फेटा आणलेला, तो मालकांच्या डोक्यावर चढला. मी गोळ्या मारीत होते, पर कान तिकडंच. वाटलं, आता हे बोलतील. दुपार-दुपार बघितलंय ह्यांनी मला इथं खेळताना. आता बोलतील.

मालकांनी फेट्याचा शेमला नीट केला. "शिवे," म्हणले, "घटकाभर सरक की. फोटूपुरतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अवो, जगात पयली मी आलेय! तुमी न्हाय, मी!"

सगळ्यांनी ऐकलं. सासूबाई जमिनीकडं बघत ऱ्हायल्या. फोटूवाला म्हणला, "लौकर करा, लाईट जायचा टाईम झाला."

"घ्या," म्या म्हणलं, अन् दोन्ही हात काढून बाजूला झाले.

मालकांनी दांडा धरला, छाती काढली, कॅमेऱ्याकडं बघून हसले. फोटूवाला म्हणला, "सायेब, जरा आत." सायेब आत सरकले, हातातला हार सारखा केला. तेवढ्यात काचंत धडाम झालं. आकडा एकदा लुकलुकला, अन् मग नुसती शून्यं.

"काय झालं?" चेअरमन म्हणले.

"गेला आकडा," फोटूवाला म्हणला.

"गेला तर गेला, परत आण की! कल्याणप्पा, तुझाच इक्रम हाय, तुला काय अवघड? आमी बसतो." अन् चेअरमन खरंच बाकड्यावर बसले, मांडी घालून.

मालकांच्या फेट्याखालनं घाम निथळायला लागला. दांड्यावरचा हात काढावा का ठिवावा, तेबी कळंना त्यांना. माझ्याकडं बघून हळूच म्हणले, "शिवे..."

म्या तबक उचललं. सगळ्यांदेखत त्यांना कुंकू लावलं, ववाळलं, अन् मशीनचं चालू करायचं बटण दाबून दिलं.

"खेळा," म्हणलं. "आठ लाख व्हईस्तोवर मी हितंच उभी हाय."