राहीबाईंचा राँग नंबर

मी बटणांचा मोबाईल बोलतोय. पाचचं बटण झिजलंय, पण आवाज अजून मोठा आहे.

अक्षदा लग्न होऊन कुडपणला आली, तेव्हा मी तिचा होतो. पोलादपूरच्या शिबिरात गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून तिने रुग्णांना रक्ताच्या मूळ पेशी देणाऱ्यांत नाव नोंदवलं आणि फॉर्मवर माझा नंबर लिहिला. मग तिच्या नवऱ्याने, हर्षदने, मुंबईहून टचचा फोन आणला. त्याचा नंबर नवा. मी गेलो सासूबाईंकडे, राहीबाईंच्या चंचीत, सुपारीशेजारी.

एका दुपारी नाचणीच्या शेतात मी वाजलो.

"अक्षदाताई का?"

"ओटीपी नाय हाय माझ्याकडं!" म्हणत राहीबाईंनी फोन कट केला. असं तीनदा झालं. मी नुसता थरथरत राहिलो.

चौथ्यांदा पलीकडची मुलगी घाईने म्हणाली, "आजी, ठेवू नका! पेशी देणाऱ्यांची नोंदणी होते ना, तिथून बोलतेय. एका बाईंना रक्ताचा कर्करोग झालाय. त्यांना अक्षदाताईंच्या पेशी जुळतायत."

राहीबाई बांधावरून धावत सुटल्या.

संध्याकाळी ओटीवर नोंदणीच्या डॉक्टरांचा आवाज माझ्यातून सगळ्यांनी ऐकला. पेशंट परदेशात होती, मूळची भारतीय. तिकडच्या दात्यांच्या यादीत लाखो लोक, पण बहुतेक गोरे. जुळणी बहुधा आपल्याच वंशाच्या माणसाशी होते, आणि आपल्यांनी नावंच फार कमी नोंदवलेली. म्हणून गोऱ्या रुग्णाला दाता लवकर सापडतो, आपल्याला नाही.

"विडी वडत आसंल ती," सासरे कुशाबा म्हणाले.

"नाही हो बाबा. बऱ्याचदा कारण सापडतच नाही. पण विडीच्या धुराने काही रक्ताच्या कर्करोगांचा धोका वाढतो, हे मात्र खरं."

कुशाबांनी हातातली विडी हळूच विझवली.

"सुनेची हाडं पोखरतील," राहीबाई माझ्यात ओरडल्या.

"हाडांना हात लावणार नाही. पाच दिवस इंजेक्शनं, मग एका हातातून रक्त काढून, पेशी वेगळ्या करून, दुसऱ्या हातात परत. थोडं अंग दुखेल."

अक्षदाने सासूचा हात धरला. मग म्हणाली, "आई, तिलापन कोणतरी सासू आसंल. तीपन अशीच घाबरली आसंल."

राहीबाईंनी डोळे पुसले. "मंग मीपन येनार मुंबईला."

तिथल्या रुग्णालयात चार तास अक्षदाचे दोन्ही हात नळ्यांत गुंतलेले. सासूने सुनेला भाकरीचे घास भरवले. लग्नानंतर पहिल्यांदाच.

वर्ष उलटून गेलं. तोवर दाता आणि रुग्ण यांना एकमेकांचं नाव सांगत नाहीत; दोन्हीकडून होकार आल्यावर लंडनहून फोन आला. "मी सेजल. मुलांना पोहायला शिकवते. अक्षदा, माझा रक्तगट आता तुमचा झाला!" मराठी अडखळत होतं, हसणं नाही.

राहीबाईंनी मला हिसकावलंच. "म्हंजे तूपन माजी सूनच गो! मंग नाचनीच्या लावनीला कदी येतेस?"

लंडनपासून कुडपणपर्यंत हसू फुटलं. माझा स्पीकर तेव्हापासून जरा फाटलाय.

हल्ली माझी बॅटरी रबरबँडने बांधलेली असते. तुमच्याकडे मागणं एकच. असं नाव तुम्हीही नोंदवा, आणि नंबर बदललात तर तेवढं कळवा. प्रत्येक घरात राहीबाई नसतात.

येतो आता. त्यांना लंडनला मिस कॉल द्यायचाय.