वीज होती, वाट नव्हती

मित्रांनो, बीबी नावाच्या गावाजवळ, एका लहान खेड्यात, पाण्याच्या विहिरीशेजारी लोखंडी सांगाड्यावर मी आठ वर्षं उभी आहे. मी सोलरची एक जुनी प्लेट. आम्ही अशा बारा जणी. उन्हाची वीज करायची आणि विहिरीतला पंप चालवायचा, हे आमचं काम.

परदेशातल्या एका संस्थेनं आम्हाला या गावाला दिलं, पंचायतीनं जागा दिली, देखभाल बायकांच्या बचत गटाकडे आली. पहिली तीन वर्षं टाकी रोज भरली. गटाच्या अध्यक्ष केसरबाई येता-जाता आम्हाला पुसायच्या. पाहुणे यायचे, कौतुक करायचे.

मग एका एप्रिलात पंप बंद पडला. ऊन अंगावर कोसळत होतं, वीज तयार होती, पण तिला जायला वाट नव्हती. मी नुसती तापत राहायची. खाली बायका दोरानं पाणी शेंदायच्या, आणि मला मान वळवून दुसरीकडे बघताही येत नसे.

सरपंच शेषराव फोन लावून थकले. संस्था म्हणे, दुरुस्ती पंचायतीची. पंचायत म्हणे, गटाची. गट म्हणे, पंपाच्या वायरिंगची पेटी उघडायची आम्हाला परवानगीच नाही. असे चाळीस दिवस गेले. मग एका सकाळी पाणी शेंदताना केसरबाईंचा पाय घसरला. त्या काठावरच पडल्या, पण हात मोडला.

दुसऱ्या दिवशी त्यांची सून सारिका पेचकस घेऊन आली. ती आयटीआयमध्ये वायरमनचं काम शिकलेली.

"पेटीले हात लावू नको," शेषराव म्हणाले. "वॉरंटी जाईन."

"आन् माही सासू विहिरीत गेली असती तं?"

मग शेषरावांनीच संस्थेच्या इंजिनिअरला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल पेटीसमोर धरला. सारिकानं आधी आमच्याकडून येणाऱ्या विजेचा खटका पाडला. आत एक पाल जळून चिकटली होती, वायर काळी पडली होती. इंजिनिअर सांगत गेला, ती करत गेली. दुपारी पंप घरघरला आणि माझ्या अंगातली तगमग तारांतून धावत सुटली.

पुढच्या ग्रामसभेला केसरबाई गळ्यात हात अडकवून आल्या. म्हणाल्या, "काम तिघायचंच असू द्या. पण कागदावर एकेका कामापुढं नाव एकाचंच लिहा."

तशी नावं लिहिली गेली. पेटीची किल्ली सारिकाकडे आली.

आता माझा एक कोपरा तडकला आहे. आभाळ भरून आलं, पंप मंदावला की अजून जीव थाऱ्यावर राहत नाही. मित्रांनो, तुमच्या शाळेच्या, दवाखान्याच्या छतावरही माझ्या बहिणी असतील. त्या सगळ्यांच्या आहेत, एवढं ऐकून निश्चिंत होऊ नका. त्या बिघडल्या तर हाक कोणाला मारायची, ते आजच विचारून घ्या.