किफ-किफ

मी हम्मामातली, म्हणजे गावच्या न्हाणीघरातली, तांब्याची तास्सा बोलतेय. बादलीतलं पाणी उपसायचं आणि बाईच्या अंगावर ओतायचं, एवढंच माझं काम. फेझ शहरातल्या तांबटांच्या चौकात ठोके खाऊन मी घडले आणि बतूलच्या लग्नात तिच्या आईने मला रुखवतात दिली. तेव्हापासून दर आठवड्याला आम्ही दोघी हम्मामात जातो. माणसं मी पाहिली तशी काझीनेही पाहिली नसतील, कारण त्यांची सगळी सोंगं तिथे बाहेर खुंटीवर टांगलेली असतात.

गाठही तिथेच सापडली. अंग घासता घासता बतूलचा हात डाव्या छातीवर थांबला. मी दुसऱ्या हातातून निसटले आणि फरशीवर खणखणले. सगळ्या बायकांनी मागे वळून पाहिलं.

तपासण्या झाल्या. आजाराचं नाव इथे कुणी घेत नाही. 'तो आजार' म्हणतात आणि आधी दार लोटून घेतात.

डॉक्टरसमोर जायचं तर अंग स्वच्छ हवं, म्हणून बतूल थोरल्या बहिणीला, रकियाला, घेऊन हम्मामातून परस्पर दवाखान्यात गेली. मी पिशवीतच होते. डॉक्टर हसना वयाने लहान, ती बतूलला खालती म्हणजे मावशीच म्हणायची.

"खालती, गाठ लहान आहे, वेळेवर सापडलीय. दोन वाटा आहेत. एक, फक्त गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढायचा. छाती राहते, पण नंतर काही आठवडे किरणांच्या उपचाराला यावं लागेल. कडेला काही उरलं तर पुन्हा शस्त्रक्रिया. दुसरी, सगळी छाती काढायची. मग बहुधा किरणं लागणार नाहीत, पण जखम मोठी. काखेतली तपासणी दोन्ही वाटांत करायचीच."

"यातलं चांगलं कुठलं?"

"जगण्याच्या दृष्टीने? किफ-किफ."

किफ-किफ म्हणजे सारखंच. पुदिन्याचा चहा की साधा, तर किफ-किफ! इथे येता-जाता तोंडात असणारा शब्द. पण रकियाचा चेहरा पांढराफटक पडला.

जिन्यावर ती कुजबुजली, "ऐकलंस? काहीही करा, सारखंच! बांच्या वेळीही नुसतं पोटात वारा धरलाय म्हणाले होते. ही माणसं खरं कधी सांगत नाहीत."

बांचं, म्हणजे दोघींच्या वडिलांचं, खरं घरच्यांनीच दडवलं होतं, हे ती सोयीने विसरली.

घरात सुतक असल्यासारखं झालं. रकियाने दानधर्म म्हणून कुस्कुस रांधून गल्लीत वाटला. बतूलचा नवरा मुफद्दल मला कल्हईवाल्याकडे घेऊन गेला आणि चकचकीत करून तिच्यासमोर धरलं. "बघ, झाली की नाही नवी?"

"मी काय भांडं आहे?" बतूल तडकली. मला लागलं, पण तिचं खरं होतं.

मग एके सकाळी तिने मला रकियाच्या हातात ठेवलं. "ही तुला. माझं आता काय, किफ-किफ."

रकियाने मला पिशवीत कोंबलं. "चल. त्या पोरीला तोंडावरच विचारू."

"सांग गं, मी मरणार आहे ना?" बतूलने दवाखान्याच्या दारातच विचारलं.

"कोण म्हणालं?"

"तूच! किफ-किफ म्हणालीस."

डॉक्टरने कपाळाला हात लावला. मग बतूलचे दोन्ही हात धरून म्हणाली, "अहो खालती, दोन्ही वाटांनी जगण्याची आशा सारखीच चांगली, असं म्हणाले मी! छाती ठेवली तर तिथेच गाठ पुन्हा येण्याचा धोका थोडा जास्त. किरणांनी तो कमी होतो. आयुष्य मात्र दोन्हीकडे तेवढंच. म्हणून तर विचारतेय, तुम्हाला काय झेपेल?"

"मग आधी सांगायचं ना, पोरी!" रकिया रडता रडता ओरडली. "अख्ख्या गल्लीला कुस्कुस वाढला मी!"

रकिया म्हणाली, मुळासकट काढ. मुफद्दल म्हणाला, तू म्हणशील ते. बतूलने फक्त गाठ काढायचं ठरवलं. "रोज किरणांना यायला पाय आहेत मला," ती म्हणाली.

ते दिवस सोपे नव्हते. कातडी काळवंडली, जिना चढवेना. वाफेला मनाई होती, म्हणून मी पुन्हा बतूलच्याच घरी फळीवर धूळ खात बसले.

पुन्हा हम्मामात गेलो, तेव्हा कोपऱ्यात एक बाई छातीवर टॉवेल घट्ट धरून बसली होती. याकूत तिचं नाव. तिची एक बाजू सपाट होती. बतूलचा व्रण बघून ती हळूच म्हणाली, "तुझी राहिली. मी घाई केली का गं?"

"मला रात्री वाटतं, मीच काढून टाकायला हवी होती."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि एकदम हसल्या.

"किफ-किफ," बतूल म्हणाली. याकूतने स्वतःच टॉवेल खाली ठेवला. बतूलने मला काठोकाठ भरलं आणि तिच्या खांद्यावर सावकाश रितं केलं.

आता माझी कल्हई पुन्हा उडालीय. उडू द्या. फक्त मला शोभेला ठेवू नका. आणि बायांनो, माझ्यातून पाणी घेता घेता हाताला एखादी गाठ लागली, तर मला खुशाल टाकून द्या आणि डॉक्टरकडे जा. मला पडायची सवय आहे.