तीन, आठ, अकरा

इजिप्तमधल्या इस्माइलिया शहरात, आमच्या गल्लीत मान वर केली की आकाशाआधी वायरी दिसायच्या. सगळ्या केबलवाल्या वगदीच्या. कोपऱ्यावरच्या इमारतीच्या गच्चीत त्याने डिश बसवल्या होत्या आणि तिथून घरोघरी वायर ओढली होती. सामना ऐन रंगात असताना चित्र गेलं की सगळी गल्ली खिडकीतून त्याच्या नावाने ओरडायची, आणि तो गच्चीतून ओरडून सांगायचा, "आलं, आलं, जीव नका घेऊ!"

मग ती इमारत पाडायचं ठरलं. तसेही बरेच जण इंटरनेटवर चालणाऱ्या डब्यांकडे वळले होते. वगदीने वायरी स्वतःच्या हाताने गुंडाळल्या आणि मेहुण्याच्या रसाच्या दुकानात आंबे सोलायला बसला.

माझ्या वरच्या मजल्यावर हाज्जा तहिया राहते. साखरेच्या आजाराने तिची नजर गेली, त्याला बरीच वर्षं झाली. पण टीव्ही तिच्याइतका मन लावून कोणी बघत नसेल. 'बघते' असंच म्हणायची ती. सकाळी कुराणाचं पठण, दुपारी स्वयंपाकाचा कार्यक्रम, संध्याकाळी मालिका. रिमोटच्या बटणांवरून बोट फिरवायची आणि नेमकं हवं ते लावायची. खालून मला तिची भांडणं ऐकू यायची, मालिकेतल्या सासूशी.

तिची मुलगी शाहिंदा कैरोत एका कंपनीत कामाला, आणि कंपनी बनवते तेच डबे. वायर बंद झाली तशी ती पुढच्याच शुक्रवारी नवाकोरा डबा घेऊन आली. "आई, आता हवं ते, हवं तेव्हा. नुसतं तोंडाने सांगायचं." तहियाने डब्यावरून हात फिरवला, मुलीच्या गालावरून हात फिरवला, "हात सलामत राहोत तुझे," म्हणाली.

महिन्याभराने शाहिंदा पुन्हा आली, तेव्हा टीव्हीवर क्रोशाचा रुमाल टाकलेला होता. त्यावर खजुराची बशी. मी भेंडी चिरत तिथेच बसले होते.

"आई, हा बंद का?"

"बंद कुठे? चालूच असेल की. आवाज कुठे करतो तो! मोठा अदबशीर पाहुणा आणलास बाई. मी बोलेपर्यंत तोंड उघडत नाही. आणि त्याच्याशी काय बोलायचं, ते मला समजत नाही."

"मालिकेचं नाव सांगायचं."

"नाव कोणाला ठाऊक? 'जिचा नवरा पळाला ती लाव' म्हटलं. त्याने कुस्ती लावली."

मी हसले. शाहिंदाही हसली, पण तिचे डोळे भरले होते. तिने आईचीच ओढणी डोळ्यांवर बांधली, रिमोट हातात घेतला आणि डबा सुरू केला. खोलीत काहीच आवाज नाही. पडद्यावर चित्रांच्या रांगा होत्या, मला दिसत होत्या, तिला नव्हत्या. तिने बटणं दाबली, चित्रं सरकली, पुन्हा शांतता. मग तिने वाचून दाखवणारा आवाज चालू केला, तर तो बातम्या दिल्यासारखा जड ग्रांथिक अरबीत सुरू झाला.

"हा कोण बाबा?" तहिया दचकली. "कोणी वारलं का?"

शाहिंदाने ओढणी सोडली. "तू वायरीवर कसं लावायचीस गं?"

"त्यात काय! पठण तीनवर, स्वयंपाक आठवर, मालिका अकरावर. सुरू केलं की कोणीतरी बोलतच असायचं. घरात माणूस आहे असं वाटायचं."

शाहिंदा तडक रसाच्या दुकानात गेली. मीही मागून गेले, मला राहवेना. वगदीने तिला लांबूनच ओळखलं.

"या इंजिनीयरबाई! आमच्या वायरी खाऊन पोट भरलं नाही वाटतं?"

"काका, टोमणे नंतर मारा. आधी एक सांगा. चॅनेलं तर सारखी इकडची तिकडे होतात. आईचे आकडे इतकी वर्षं कसे बदलले नाहीत?"

वगदी आंब्याची कोय चाकूने साफ करत राहिला. "बदलायचे की. मी परत जागेवर आणायचो."

"दर वेळी?"

"मग? तिला कसं कळणार? एकदा अकरावर बातम्या लागल्या होत्या. तुझ्या आईने फोन केला, रडत होती. म्हणाली, वगदी, माझं घर हरवलं. त्यानंतर ते तीन आकडे मी हलू दिले नाहीत."

मी कपाळावर हात मारला. फुटबॉल एवढं लांब आणि स्वयंपाक आठवर का, म्हणून माझ्या नवऱ्याने या माणसाला जन्मभर शिव्या घातल्या होत्या. सगळ्या गल्लीने घातल्या होत्या. एका आंधळ्या बाईच्या बोटांसाठी त्याने गल्लीभरचे आकडे लावले होते, आणि कोणाला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

"सांगितलं का नाहीस रे?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर हाज्जाला अवघडल्यासारखं झालं असतं."

शाहिंदा कैरोला परतली ती हेच डोक्यात घेऊन. तिचा साहेब मुनीर आधी हसला म्हणे. "आकडे? लोक आकड्यांना कंटाळूनच आपल्याकडे आले ना?" तिने त्याच्या डोळ्यांना मफलर बांधला आणि म्हणाली, "साहेब, आता काहीही लावून दाखवा." मुनीरने बराच वेळ खटपट केली. शेवटी मफलर काढून म्हणाला, "माझ्या वडिलांनाही नीट दिसत नाही, हल्ली रेडिओच ऐकतात. मला वाटलं, आवडतो त्यांना."

त्यानंतर सगळे कामाला लागले. डबा सुरू केला की शेवटचं चॅनेल आपोआप बोलू लागेल, आकडे ज्याचे त्याने ठरवायचे, आणि नाव सांगणारा आवाज घरच्या बोलीत. आवाज त्यांच्यातल्याच एका मुलीचा घेतला.

आंब्याचा मोसम संपायच्या आत शाहिंदा सुधारलेला डबा घेऊन आली. तहियाने बोट फिरवून आठ दाबलं. "स्वयंपाक," डब्यातली पोर म्हणाली, आणि लगेच कोणीतरी मलुखियाच्या पातळ भाजीला लसणाची फोडणी देऊ लागलं.

"ही पोर कोण गं? आवाजावरून उपाशी वाटते," तहिया म्हणाली. मग तिचा चेहरा असा उजळला की शाहिंदाला पाणी प्यायला आत जावं लागलं.

आकड्यांची हकिकत आम्ही तिला त्या दिवशी सांगितली. दुसऱ्या दिवशी तिने वगदीला जेवायला बोलावलं. भरलेलं बदक, भात, द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या. तो दारातच घुटमळला.

"ये रे आत. मालिका रोज अकरावरच लागते ही अल्लाहची कृपा, असं मी इतकी वर्षं समजत होते," ती म्हणाली. "ती तर होतीच. पण गच्चीवर चढायचास तू."

"हाज्जा, मी काहीच..."

"गप. माझ्यासाठी सगळ्या गल्लीच्या शिव्या खाल्ल्यास. अल्लाह तुझी नजर शेवटपर्यंत शाबूत ठेवो."

वगदी "आमीन" म्हणाला आणि चष्मा पुसू लागला. शाहिंदाने बदकाची तंगडी त्याच्या ताटात वाढली. "काका, आभार कसे मानू तेच कळत नाही."

"मानू नकोस. कोपऱ्यावर, औषधाच्या दुकानाच्या वर बिबावी राहतो ना, त्यालाही दिसत नाही. सकाळी येतेस? त्याचेही आकडे लावून देऊ."

सकाळी ती दोघं गेली. बिबावीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि बजावलं, एक नंबरवर फुटबॉल पाहिजे, स्वयंपाक कुठेही दिसता कामा नये.