शहाळ्यांचा फोटो

मला राग पटकन येतो, हे आमच्या दालमिलमध्ये सगळ्यांना माहीत आहे. पण त्या सोमवारी मी शांत होते, आणि मॅनेजर शेखर साहेबांनी तिथंच ओळखायला हवं होतं.

झालं असं. मुलीच्या, रागिणीच्या पहिल्या बाळंतपणासाठी मी पंधरा दिवसांची हक्काची रजा घेतली. वर्षभर सुट्टी न घेता साठवलेली. तिसऱ्या दिवशी मलाच डेंग्यू झाला. नातू झाला तेव्हा ती एका दवाखान्यात, मी दुसऱ्या दवाखान्यात सलाईन लावून. आठ दिवस तिथं गेले, उरलेले घरी खाटेवर. उभी राहिले की चक्कर. रजा संपली. नातवाला न्हाऊ घालायला शेजारची चंदा, आणि मी सकाळी आठला पॅकिंगच्या टेबलावर. सव्वा महिना झाला की रागिणी अमरावतीला सासरी जाणार. हातात पंचवीस दिवस होते.

"साहेब, दवाखान्याचे आठ दिवस आजारी रजेत धरा, अन् माही रजा मले परत द्या."

"काहून? सुट्टीवरच होत्या ना तुमी. घरी राहा का दवाखान्यात, कंपनीले काय फरक पडते?"

मी नियमांची पुस्तिका काढली. कामावर घेताना सही घेऊन देतात ती. बाकीच्यांनी तिच्या पुड्या बांधल्या, मी जपली. रजेत आजारी पडल्यावर तेव्हाच कंपनीला कळवलं आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट दिलं, तर ते दिवस आजारी रजेत धरायचे, असं त्यात स्वच्छ छापलंय. सर्टिफिकेटही पुढं ठेवलं.

साहेबांनी दोनदा वाचलं. मग चेहरा खुलला. "कळवलं कुठी? अर्ज दाखवा."

अर्ज नव्हता. एकशेचार तापात अर्ज कोण लिहितं? साहेब खुर्चीत मागं रेलले.

पण आमच्याकडं कुणी दवाखान्यात आहे म्हटलं की भेटायला जावंच लागतं. साहेबही आले होते, शहाळी घेऊन, आणि निघताना खाटेजवळ उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला होता. मी मोबाईल उघडला. कंपनीच्या ग्रुपवर मी सलाईनसकट, साहेब शहाळ्यांसकट. खाली त्यांनीच लिहिलेलं: ‘दुर्गाबाई, लवकर बऱ्या व्हा. कंपनी आपल्या पाठीशी आहे.’ तारीख होती. मालकांनी दिलेला अंगठाही होता.

"कळलं नव्हतं, तं हे शहाळे कोणासाठी आणले होते, साहेब?"

हेडक्लार्क नत्थुजी तोंडावर रुमाल धरून खोकायला लागले. त्यांना खोकला नव्हता.

साहेबांनी पेन उचललं. "कधीपासून पायजे?"

"उद्यापासून."

दुसऱ्या दिवशी चंदा आली तेव्हा पाणी तापवून मी पाटावर बसलेच होते. नातवाला पायांवर घेतलं. पहिल्या तांब्यालाच त्यानं भोकाड पसरलं. माझ्यासारखाच तापट. मला इतका आनंद झाला की मीही रडून घेतलं.

चंदानं फोटो काढला. मी तो कंपनीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘आजी रजेवर आहे.’

पहिला अंगठा मालकांचा आला. दुसरा शेखर साहेबांना द्यावाच लागला.