सोळावा अध्याय, पहिल्या वचनापासून

हौसाआत्याने इन्सुलिन सोडून आज सहा दिवस झाले होते, आणि त्याचीच, म्हणजे औषधाऐवजी देवावर भरवसा ठेवल्याची, साक्ष द्यायला ती पेणहून रोह्याला, कमळाकरकाकांच्या घरच्या रविवारच्या प्रार्थनेला आली होती. एकदा चारचौघांत साक्ष दिली की आत्या मेली तरी सुई टोचून घेणार नाही, हे तिच्या भाचीला, मनालीला, पक्कं ठाऊक होतं.

सगळं झालं एका पत्रकामुळे. पेणच्या एसटी स्टँडवर कुणीतरी वाटलेलं. आसा राजाचे पाय दुखले, तो देवाला सोडून वैद्यांकडे गेला आणि मेला; खाली बायबलमधल्या वचनाचा आकडा, '२ इतिहास १६:१२'. लिहिणाऱ्याचं नाव नाही, छापणाऱ्याचं नाही. मनाली धाटावच्या कंपनीत केमिस्ट होती. तिच्या लॅबमध्ये लेबल नसलेल्या बाटलीला कुणी हात लावत नसे, आतला द्रव कितीही नितळ दिसो.

"हौसाताई, उभ्या राहा," काका म्हणाले.

उभी राहिली मनाली. "आधी तो अध्याय वाचते. पहिल्यापासून."

"एक वचन पुरे हाय. चार बुकं शिकलीस म्हणून देवाची परीक्षा घेतेस?"

"देवाची नाही काका, पत्रकाची."

मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"बस खाली!"

ती बसली नाही. वाचत गेली. आसाने देवाला सोडून अरामाच्या राजावर भरवसा ठेवला. हनानी द्रष्ट्याने ते त्याच्या तोंडावर सांगितलं.

"मग गो?" आत्याने विचारलं.

"राजा चिडला. हनानीला कोठडीत टाकलं."

"खरं बोलला म्हणून?"

"हो. आजारपण नंतरचं. औषध घेणं पाप आहे असं इथे कुठेच नाही. आणि प्रेषित पौल लूकला 'प्रिय वैद्य' म्हणतो, कलस्सैकरांच्या पत्रात. तेही काढून बघा."

काकांचा चेहरा लाल झाला. "पुढच्या रविवारी येऊ नकोस तू."

"येणार. मला पत्रक सोडायचंय, बायबल नाही."

आत्या भिंतीला धरून उठली. "माझी साक्ष राहिली की."

काका खूश झाले. "बोला, ताई."

"सहा दिवस डोळ्यांपुढं अंधारी येते. हंडाभर पाणी प्याले तरी तहान भागत नाय. कुणाला सांगितलं नाय, विश्वास कमी म्हणाल म्हणून. ही माझी साक्ष." तिने पिशवी उचलली. "चल गो पोरी, डाक्टरकडं."